फांदीवरची मिटलेली जागा

पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या राईत सातभाई पक्ष्याच्या जन्माला आला होता. मळकट राखी पिसे, पिवळी चोच, आणि आवाज असा की राईत टेकलेल्या वाटसरूने झोपेचा विचारच सोडून द्यावा. हे पक्षी एकटे राहत नाहीत. ते थव्याने पाचोळा उचकटतात, थव्याने भांडतात आणि दिवस मावळला की एकाच फांदीवर खांद्याला खांदा लावून ओळीने बसतात. लोक त्यांना भाऊ म्हणतात. त्यांत बहिणी आणि मावश्याही असतात, हे कुणी लक्षात घेत नाही.

त्या राईतून एक ओढा वाहत होता. अलीकडे करंजाखाली बोधिसत्त्वाचा थवा राही, मोजून सात जणांचा. पलीकडे मोहाच्या झाडांखाली दुसरा थवा होता, तो अकरांचा. मोहाखालचा पाचोळा जाड आणि त्यात किडे भरपूर, म्हणून अलीकडच्यांचा त्या जागेवर डोळा होता. रोज सकाळी दोन्ही थवे काठावर येऊन एकमेकांना मनसोक्त शिव्या देत आणि मग आपापल्या पोटापाण्याला लागत.

अलीकडच्या थव्याचा प्रमुख महाकंठ नावाचा वयस्क सातभाई होता. त्याला दुष्ट म्हणता येणार नाही. सापडलेली अळी तो आधी दुसऱ्याच्या चोचीत घाली. पण आपण सात आहोत आणि ते अकरा आहेत, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात रात्रंदिवस फिरत असे.

थवा जमिनीवर चरत असताना एक जण उंच फांदीवर बसून पहारा देई. शिक्रा, म्हणजे ससाण्यासारखा शिकारी पक्षी, दिसला की तो ओरडे आणि सारे बोरीच्या जाळीत घुसत. महाकंठाने पहाऱ्याचा एक नियम घालून दिला. शिक्रा ओढ्यापलीकडे वळला, तर पहारेकऱ्याने चोच मिटून बसायचे.

"आपली ओरड आपल्यांसाठी," तो म्हणाला. "त्यांचे चार कमी झाले की मोहाखालची जमीन आपली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बोधिसत्त्वानेही डोलावली. शिक्रा तेव्हा कुठे वळला होता?

तो मार्गशीर्षातल्या एका सकाळी वळला. पहाऱ्यावर बोधिसत्त्व होता. पलीकडे मोहाखाली तीन पिले नुकती घरट्यातून खाली उतरली होती. त्यांना अजून नीट उडता येत नव्हते. आईच्या मागे धडपडत ती चोच उघडून खायला मागत होती. शिक्रा करंजावरून सरळ त्यांच्याकडे निघाला. बोधिसत्त्वाला नियम आठवला. तो आठवत असतानाच त्याचा गळा उघडला आणि सारी राई दणाणून जाईल अशी ओरड त्याने ठोकली. दोन्ही काठांचे पक्षी पळाले. पिले झुडपात ढकलली गेली आणि शिक्रा रिकाम्या पायांनी परत गेला.

संध्याकाळी थवा फांदीवर बसला. महाकंठाने विचारले, "आज पहाऱ्यावर कोण होतं?"

"मी होतो, मामा."

"शिक्रा कुणीकडे चालला होता?"

"पलीकडे."

महाकंठालाही हे नको होते. बोधिसत्त्व त्याच्याच बहिणीचा मुलगा होता. तो म्हणाला, "चुकून ओरडलो म्हण. उन्हात नीट दिसलं नाही म्हण. एवढं बोललास तर मी विषय इथेच सोडतो."

"मला स्पष्ट दिसलं होतं, मामा. बघूनच ओरडलो."

"पुन्हा असं झालं तर?"

"पुन्हाही ओरडेन."

सातभाई आपल्यातल्याला हाकलतात तेव्हा टोचत नाहीत, मारत नाहीत. बाकीचे फक्त फांदीवर सरकतात. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे, आणि मधली जागा मिटते. बोधिसत्त्वाच्या एका बाजूला महाकंठ बसे आणि दुसऱ्या बाजूला त्याची धाकटी मावसबहीण मृदुका. महाकंठ सरकला. मृदुका जागची हलली नाही.

"मृदुके," महाकंठ म्हणाला.

तिने बोधिसत्त्वाकडे पाहिले नाही. ती डोळे मिटून सरकली. बोधिसत्त्वाच्या पायाखाली फांदी उरली नाही, तेव्हा तो उडाला.

ओढ्याच्या काठावर एक वठलेला पळस होता. त्याला पान नव्हते, सावली नव्हती, म्हणून दोन्ही थव्यांपैकी कुणी त्यावर हक्क सांगितला नव्हता. बोधिसत्त्व तिथे राहू लागला. पौषातली थंडी पडली. सातांच्या ओळीत मधे बसणाऱ्याला थंडी कशी असते हे ठाऊक नसते. त्याला ते आता कळले. पिसे फुगवून तो पहाटेची वाट पाही.

दिवसा त्याहून वाईट होते. पाचोळ्यात जाडजूड अळी सापडली की सवयीने तो "या, या" अशी हाक मारी आणि मग कुणी येणार नाही हे आठवून अळी गिळी. मानेवर गोचिडी झाल्या होत्या. सातभाईची चोच स्वतःच्या मानेपर्यंत पोचत नाही; मान साफ करायला दुसराच लागतो. मृदुका रोज संध्याकाळी त्याची मान विंचरून देत असे. आता तो खरखरीत खोडावर मान घासून पाही, पण गोचिडी निघत नव्हत्या आणि पिसे मात्र गळत होती. त्याला फार एकटे वाटत होते. बोधिसत्त्व असला म्हणून पक्ष्याला एकटे वाटत नाही, असे कुणी समजू नये.

एके दिवशी पलीकडच्या थव्याची म्हातारी पळसावर आली. ती त्या अकरांची प्रमुख होती.

"माझी नातवंडं तुझ्यामुळे जगली," ती म्हणाली. "आमच्याकडे ये बाबा. ओळीत मधे जागा देते. आणि ती मान काय करून घेतलीस! तिघी जणी लावते तुझ्या मानेला."

बोधिसत्त्वाने मोहाच्या फांदीकडे पाहिले. तिथे ओळ बसली होती आणि मधे एकाच्या मापाची जागा सोडलेली होती. ती पाहून त्याचे पाय आपोआप उचलले गेले.

"आजी, पहारा कसा देता तुम्ही?"

"जसा सगळे देतात तसा."

"शिक्रा करंजाकडे वळला तर?"

म्हातारी हसली. "तर तुला काय त्याचं? त्यांनी तुला टाकलंय. गप्प बसायला काय कष्ट पडतात?"

बोधिसत्त्वाने पाय पुन्हा पळसावर रोवले. मग म्हणाला, "मला तिथे फार यावंसं वाटतंय, आजी. पण गप्प बसायचंच होतं, तर मी घरीच बसलो असतो."

"मग तू आहेस तरी कुणाचा?"

म्हातारी चिडून परत गेली आणि संध्याकाळपर्यंत मोहावरची ती जागाही मिटली.

त्यानंतर बोधिसत्त्व पळसाच्या शेंड्यावर बसून दोन्ही काठांसाठी ओरडू लागला. पळसाला पाने नसल्यामुळे तिथून चहूकडे दिसे आणि त्याची ओरड बहुधा दोन्ही पहारेकऱ्यांच्या आधी येई. हळूहळू दोन्हीकडचे पक्षी स्वतःच्या पहारेकऱ्यापेक्षा तिकडेच कान ठेवू लागले. त्याचे आभार मात्र कुणी मानले नाहीत.

महाकंठाच्या हे लक्षात आले. बाहेर काढलेल्याच्या आवाजावर थवा चालू लागला, तर प्रमुखाला विचारणार कोण? त्याने सगळ्यांना जमवून सांगितले, "पळसावरची ओरड ही ओरड नव्हे. त्यावर जो लपेल, त्याचीही जागा मिटेल."

सगळे "बरोबर, बरोबर" म्हणाले. सर्वांत मोठ्याने मृदुका म्हणाली, कारण बोधिसत्त्वाला काढले त्या संध्याकाळी तिने सरकायला उशीर लावला होता आणि ते सगळ्यांनी पाहिले होते.

फाल्गुनात एका दुपारी थवा उघड्यावर चरत होता. महाकंठ, मृदुका आणि तिघे जण खाली होते, सहावा करंजावर पहाऱ्याला होता. शिक्रा सूर्याच्या अंगाने आला, त्यामुळे पहारेकऱ्याला तो दिसलाच नाही. पळसावरून बोधिसत्त्वाने पाहिले आणि जिवाच्या आकांताने ओरड दिली.

सर्वांत आधी महाकंठ जाळीत घुसला. आज्ञा त्याला आत गेल्यावर आठवली. त्याला पाहून तिघेही घुसले, पहारेकरीही खाली येऊन घुसला. मृदुका मात्र पाचोळ्यातून मान वर न करता उभी होती. तिने ओरड ऐकली होती. तरी आपल्याला काही ऐकूच आले नाही असे दाखवत ती एक पान उलटत राहिली. आपली जागा जाईल या भीतीपुढे तिला शिक्राही लहान वाटत होता.

बोधिसत्त्वाने पंख मिटले आणि दगडासारखा खाली आला. त्याची छाती मृदुकेवर आदळली, दोघेही गडगडत जाळीत गेले, आणि शिक्र्याच्या नख्यांत बोधिसत्त्वाच्या शेपटीची पिसे तेवढी राहिली.

शिक्रा समोरच्या करंजावर जाऊन बसला आणि वाट पाहू लागला. आत काटे इतके होते की जागा फार थोडी होती. सातही जण अंगाला अंग लावून बसले. थोड्या वेळाने बोधिसत्त्वाला मानेवर चोच लागल्यासारखे वाटले. मृदुका एकेक गोचीड काढत होती. बोधिसत्त्वाने मान खाली घातली आणि डोळे मिटले. शिक्रा तिथेच बसून राहावा असे त्याला क्षणभर वाटले.

शिक्रा उडाला. सारे बाहेर आले. आता आज्ञेप्रमाणे पाहिले तर महाकंठासकट सगळ्यांचीच जागा मिटायला हवी होती. महाकंठाने पिसे झटकली.

"पहारेकऱ्याने वेळेवर ओरड दिली," तो म्हणाला. "म्हणून आपण वाचलो."

पहारेकऱ्याने एकदा वर पाहिले, एकदा खाली पाहिले. "हो," तो म्हणाला. "मीच ओरडलो."

"आम्ही ऐकली ती," बाकीचे तिघे एकेक करून म्हणाले.

महाकंठ मृदुकेकडे वळला. "तू कुणाची ऐकलीस?"

तिच्या चोचीला बोधिसत्त्वाच्या मानेचे एक बारीक पीस चिकटलेले होते. तिने बोधिसत्त्वाकडे पाहिले. त्याने मान वळवून ओढ्याकडे पाहिले, म्हणजे तिला त्याच्या डोळ्यांकडे पाहत उत्तर द्यावे लागू नये.

"पहारेकऱ्याची," ती म्हणाली.

बोधिसत्त्व उडाला. शेपटी नसल्यामुळे त्याला तोल सावरत जावे लागले. मानेची एक बाजू साफ झाली होती, दुसरी तशीच राहिली. तो पळसाच्या शेंड्यावर बसला, दोन्ही काठांवरून नजर फिरवली आणि पहारा देऊ लागला. आयुष्य होते तोवर त्याने तो दिला, आणि केलेल्या कर्मांप्रमाणे पुढच्या जन्माला गेला.

ही कथा भगवान बुद्धांनी जेतवनात भद्दिल नावाच्या तरुण भिक्षूला सांगितली. भद्दिल राहत असे त्या निवासात दुसऱ्या गणाचे दोन प्रवासी भिक्षू ऐन पावसात आसरा मागायला आले होते. ते आपल्यातले नव्हेत, म्हणून जागा नाही असे सांगायचे सगळ्यांनी ठरवले. उत्तरक नावाच्या भिक्षूने मात्र दोन कुटी रिकाम्या आहेत असे सांगून टाकले. तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोलत नव्हते. जेवणाच्या ओळीत तो बसला की शेजारचे सरकत. उत्तरक खोटे बोलला असे भगवंतांना सांगून त्याला कायमचे काढून टाकावे, यासाठी सगळ्यांनी मिळून भद्दिलाला पाठवले होते. त्याचे सोबती दाराबाहेर थांबले होते.

कथा संपल्यावर भगवान म्हणाले, "तेव्हाचा महाकंठ म्हणजे तुमच्या निवासाचे आजचे ज्येष्ठ. पहारेकरी आणि ते तिघे म्हणजे तुझे दाराबाहेरचे सोबती. पळसावरचा सातभाई मी होतो. आणि भद्दिला, मृदुका तू होतास."

शिक्रा कोण होता, ते त्यांनी सांगितले नाही.

भद्दिल खाली मान घालून बसला. भगवान रागावले नव्हते. त्यांनी शांतपणे विचारले, "तेव्हा तुला जे विचारलं होतं, तेच आता पुन्हा विचारतो. उत्तरक खरं बोलला की खोटं?"

दाराबाहेरची कुजबूज थांबली. आपल्याला जेवणाची ओळ आहे, कुटी आहे, रोज हाक मारणारे सोबती आहेत, हे सगळे भद्दिलाच्या मनात आले.

"खरं बोलला, भंते," तो म्हणाला. "कुटी रिकाम्या होत्या. मी स्वतः झाडल्या होत्या."

त्या दिवशी जेवणाच्या वेळी भद्दिल उत्तरकाच्या शेजारी जाऊन बसला. त्या दोघांच्या दोन्ही बाजूंना बराच वेळ कुणी बसले नाही.

समोरचा आपल्यातला की परका हे न पाहता त्याचा जीव वाचावा असे वाटणे, आणि त्यापायी आपण एकटे पडलो तरी ते वाटणे न आटणे, यालाच मैत्री म्हणतात. पळसावर बसून बोधिसत्त्वाने त्या जन्मी ही मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची पराकाष्ठा, पाळली.