तीन दिवसांची भाकरी

पूर्वी तगर नगरावर भद्रसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व कावळ्याच्या योनीत जन्मले होते. तेही राजाच्या उद्यानात वगैरे नव्हे. शकटदत्त नावाच्या श्रेष्ठीच्या परसात, उकिरड्यावर वाकलेल्या एका कडुलिंबावर. जागा काही शोभेची नव्हती, पण तिथल्या शंभरेक कावळ्यांना पोटाची ददात नव्हती. रोज सकाळी त्या घरातून टोपलीभर भाकऱ्या उकिरड्यावर येऊन पडत.

त्या भाकऱ्यांचे पीठ दळणारी, त्या थापणारी आणि सकाळी नेऊन टाकणारी बाई एकच. तिचे नाव सामिका. ती त्या घरची दासी होती.

श्रेष्ठीचे गाड्यांचे तांडे देशोदेशी जात, आणि कुठला तांडा कधी दारात येऊन उभा राहील याचा नेम नसे. म्हणून मालकीणबाईंचा दंडक होता की घरची पंधरा माणसे जेवून वर वीस भाकऱ्या उरल्याच पाहिजेत, आणि त्याही गरम. भाकरी तव्यावरून उतरली की थेट तांब्याच्या हंड्यात, वर झाकण, झाकणावर ओले फडके. तांडा यायचा महिन्यातून एखाद्या वेळी. बाकी दिवशी सकाळी हंडा उघडला की आंबूस वास येई. भाकऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असत, तोडायला गेले तर तार सुटे. मग मालकीणबाई नाकाला पदर लावून म्हणत, "टाक त्या. ताज्या कर."

सामिका दमली होती. कालपरवापासून नव्हे, कित्येक वर्षे. पहाटे जात्याच्या खुंट्याला हात घातला की खांद्यातून कळ निघे ती पार मनगटापर्यंत. आपण दळतो त्यातले बरेचसे उकिरड्यावर जाणार हे तिला ठाऊक होते. कष्टाने माणूस थकतोच, पण वाया जाणाऱ्या कष्टाने तो आतून विटतो. हल्ली तिला ओवीसुद्धा सुचेनाशी झाली होती.

अशात एक गाडीवान तिच्या माहेरचा निरोप घेऊन आला. तिचे माहेर बारा कोसांवर होते. तो म्हणाला, "तुझ्या आईनं अंथरूण धरलंय, बाई. सारखं तुझं नाव घेते. जायचं असेल तर आताच जा."

सामिकाने मालकीणबाईंचे पाय धरले. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि आईजवळ एक दिवस. तीनच दिवस मागितले तिने.

"आणि तीन दिवस आम्ही काय हवा खायची?" मालकीणबाई म्हणाल्या. मग जरा विचार करून त्यांनी सांगितले, "जा. पण तीन दिवसांच्या भाकऱ्या करून ठेव आणि मगच जा. आणि ऐकून ठेव, एकीला जरी बुरशी दिसली ना, तर परत या दारात पाऊल टाकायचं नाही. तुझ्या जागी दुसरी बघेन मी."

तीन दिवसांच्या भाकऱ्या! जिथे एका रात्रीत हंडा नासतो तिथे. त्या दिवशी तिने उरल्या भाकऱ्यांची टोपली उकिरड्यावर रिकामी केली. ती तिथेच टोपलीशेजारी बसली आणि तिला रडू आवरेना. आई मरायला टेकलीय आणि आपण इथे नासक्या भाकऱ्यांपाशी बसलोय, असे तिच्या मनात आले आणि तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"सामिके," कोणीतरी हाक मारली. फांदीवरून एक म्हातारा कावळा खाली उतरला होता. "त्या नासतात कारण तू त्या गरम झाकतेस."

सामिका इतकी थकली होती की कावळा बोलतो याचेही तिला नवल वाटले नाही. ती म्हणाली, "कावळोबा, गरम राहावी म्हणून तर झाकते. हा आमच्या घरचा दंडक आहे."

"असेल. पण मी बारा वर्षं या उकिरड्यावर जगतोय. कुठली भाकरी कधी नासते हे माझ्याइतकं तुमच्या मालकिणीलाही ठाऊक नसेल. झाकलेल्या गरम भाकरीला घाम फुटतो आणि ती आपल्याच घामात कुजते. तीच भाकरी आमच्यातल्या एखाद्याच्या चोचीतून निसटून छपरावर पडली तर आठ दिवसांनीही चांगली निघते. कडक होते खरी, पण तिला वास येत नाही."

मग त्याने तिला सगळे नीट समजावले. भाकरी पातळ थाप. भाजल्यावर बांबूच्या दुरडीत उभी कर, एकीला दुसरी टेकू देऊ नकोस. पुरती गार झाली की मगच कोरड्या फडक्यात बांध, आणि चुलीपासून लांब, वाऱ्याच्या शिंक्यात टांग. दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्या जरा जास्त भाज. तिसऱ्या दिवशीच्या मंद निखाऱ्यावर पार कुरकुरीत होऊ दे, त्या ताकात नाहीतर आमटीत कुस्करून खायच्या. आणि वाटेसाठी स्वतःपुरत्या दशम्या कर, पाण्याऐवजी दुधात पीठ मळून.

"आणि ज्याला मऊच हवी त्याला सांग, पाण्याचा हबका मारायचा आणि तव्यावर गरम करून घ्यायची. हे जमलं की रोजच्या वीस जास्तीच्या भाकऱ्याही नकोत. अवचित आलेल्याला कालची चालते."

सामिकाने पदराने तोंड पुसले. मग तिच्या ध्यानात आले आणि ती चपापली. "अरे, पण मग इथे काही पडायचंच नाही. तू काय खाशील?"

झाडावर एव्हाना कालवा सुरू झाला होता. एक तरणाताठा कावळा तर ओरडून ओरडून झाड डोक्यावर घेत होता, "म्हाताऱ्याला वेड लागलंय! आपल्या सगळ्यांचं पोट हा त्या बाईला देऊन टाकतोय!"

म्हातारा कावळा वर न बघता म्हणाला, "मला पंख आहेत, बाई. तू पहाटे जात्यावर कण्हतेस ते मला फांदीवर ऐकू येतं. मग दिवस उजाडला की मी तेच दळण खातो. बारा वर्षं खाल्लं. आता मला ते गिळवत नाही."

सामिका दोन दिवस दळत आणि थापत राहिली. मालकीणबाई स्वयंपाकघरात डोकावल्या तेव्हा दुरड्यांत भाकऱ्या उघड्या उभ्या होत्या. "अगं बाई, हे काय मांडलंयस? आल्यागेल्याला गार तुकडे वाढायचे?" सामिकाने हात जोडून एवढेच म्हटले, "तीन दिवस बघा. नासल्या तर मी दारात येणार नाही." आणि दशम्यांचे गाठोडे घेऊन ती निघाली.

ती पोहोचली तेव्हा आई शुद्धीवर होती. आईला काही गिळवत नव्हते, पण लेकीने दशमीचा कोपरा दुधात भिजवून ओठाला लावला तो तिने चघळला. "कधीची गं ही?" आईने विचारले. "परवाची." "मऊ आहे," आई म्हणाली, आणि आणखी थोडी मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीच्या मांडीवर डोके ठेवून तिने प्राण सोडला. सामिका खूप रडली. पण आपण होतो, वेळेवर होतो, याचे समाधानही त्या रडण्यात होते.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती श्रेष्ठीच्या दाराशी आली. आत सगळे ताकात भाकरी कुस्करून जेवत होते. श्रेष्ठी तर वाडगा पुढे करून आणखी मागत होता. मालकीणबाईंनी तिला पाहिले. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघणे शक्यच नव्हते. त्या म्हणाल्या, "आलीस? हातपाय धू. आणि उद्यापासून त्या वरच्या वीस थापू नकोस. उगीच पीठ जातं."

जणू हे त्यांनाच सुचले होते! सामिका हातपाय धुवायला गेली. दुसऱ्या पहाटे दळण लवकर आटोपले आणि खूप वर्षांनी ती पुन्हा घटकाभर आडवी झाली.

परसात गेली तेव्हा म्हातारा कावळा कुंपणावर बसला होता. त्याच्या मानेवरची पिसे उपटलेली होती. थव्याने त्याला टोचून झाडावरून हाकलले होते. बाकीचे कावळे चार दिवस उपाशी राहिले आणि मग झक मारत शेतातले किडे वेचायला जाऊ लागले. त्याला मात्र आता तेवढे लांब उडवत नव्हते.

सामिकाचे काळीज गलबलले. "कावळोबा, तुझ्यासाठी मी रोज एक भाकरी जास्त थापीन. एकीनं काय होतंय?"

"नको," तो म्हणाला. "आज एक थापशील, उद्या माझ्यामागून दुसरा येईल. चार दिवसांनी पुन्हा वीस होतील आणि तू पुन्हा जात्यावर कण्हशील. तुझ्या घासातला कण दे, तेवढा पुरे."

तिने आपल्या भाकरीचा पापुद्रा मोडून त्याला दिला. असे काही महिने गेले. हिवाळ्यात एका सकाळी तो कुंपणावर आला नाही.

श्रावस्तीच्या विहारात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली ती एका उपासिकेवरून. ती धर्मशाळेत दिवसभर स्वयंपाक करून प्रवचनाला येई आणि बसल्या जागी झोपी जाई. त्या दिवशी उग्रक नावाचा भिक्खू तिच्यावर खेकसला होता, "झोपायचंच असेल तर इथे कशाला येतेस?" कथा संपली तेव्हाही ती भिंतीला टेकून झोपलेलीच होती.

शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची सामिका म्हणजे ही उपासिका. तो ओरडणारा तरणा कावळा म्हणजे आपला उग्रक. मालकीण आज कोण आहे ते विचारू नका, तीही बिचारी दमलेलीच आहे. आणि तो म्हातारा कावळा मीच होतो. चोचीतला घास सोडून तेव्हा मी जी पारमिता पाळली, ती दानाची."

उग्रकाने मान खाली घातली. तो हळूच विचारता झाला, "मग हिला उठवू का, भगवन्? कथा हिचीच आहे, हिनं ऐकली पाहिजे."

"नको रे," शास्ते म्हणाले. "हिच्या दळणावर मी बारा वर्षं जगलो. माझ्या बोलण्यात हिला घटकाभर झोप लागते, तर लागू दे."