कालची ढोली

माणसाने मधाची पेटी बनवायच्या कितीतरी आधी, सातेरी मधमाश्यांचा एक थवा घर सोडून आंब्याच्या फांदीला लटकला होता. नवी ढोली शोधणारी माशी ढोली काही उचलून आणत नाही. ती नाचून फक्त पत्ता सांगते आणि त्या भरवशावर राणीसकट सगळ्या उडतात.

झिपरी नावाची माशी ऐटीत नाचली. "ओढ्यापलीकडच्या जांभळात कोरडी, ऐसपैस ढोली आहे."

"कधी पाहिलीस?" म्हाताऱ्या ठकूने विचारलं.

"काल. जांभूळ काय चालत जाणार आहे?"

"पुन्हा बघून ये, मगच नाच. आपली रीत आहे ती."

झिपरी फणकाऱ्याने गेली. जांभूळ जागेवर होतं, ढोलीही होती. आत मात्र घोरपड पाय पसरून झोपली होती.

ती धापा टाकत परतली, तर तिचं पाहून शिकलेल्या दोघी तोच पत्ता नाचत होत्या आणि थवा पंख सावरत होता. झिपरीने दोघींना डोक्याने ढुशी देऊन थांबवलं.

"अगं, तूच तर सांगितलंस," त्या कुरकुरल्या.

"मी कालचं सांगितलं होतं," झिपरी म्हणाली. "आता तो पत्ता घोरपडीचा आहे."