भिवा बेदाणा आणि साळूचा पुलाव

एकदा काय झालं, सांगू? पण आधी चिंगे, डोक्यावरचं पांघरूण काढ. गोष्ट काय गोधडीला सांगू?

तर एका भरल्या गावात शिरली एक चेटकीण. अंगानं नुसती काटकी. पण तिची फुंकर अशी, की ज्याला लागेल ते वाळून जायचं. तिनं राजाला फुंकलं, त्याचा झाला जर्दाळू. जाड्या शेटजीला फुंकलं, त्याचं झालं अंजीर. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या झाल्या खारका आणि पोरांचे झाले बेदाणे. सगळा मेवा तिनं झोळीत भरला. म्हणाली, "आज याचा पुलाव करायचा. मांसमच्छी मी शिवतसुद्धा नाही हो, मी मोठी सोवळी!" ऐका! माणसं खायची आणि वर सोवळं!

त्या गावात साळू नावाची मुलगी होती. आईबाप नव्हते तिला. एकच धाकटा भाऊ, भिवा. हा भिवा म्हणजे झोपेचं गाठोडं, बरं का. डोक्यावरून गोधडी घेतली की कानाशी ढोल वाजवा, उठायचा नाही. चेटकीण आली तेव्हा साळू विहिरीत उतरली होती, गळ्यापर्यंत भिजलेली. तिलाही फुंकर लागली, पण नुसती थंडी वाजली. धावत घरी येऊन बघते तर काय, चेटकीण गोधडीतला बेदाणा झोळीत टाकून निघाली होती!

साळू खूप रडली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "ओल्यापुढं हिचं काही चालत नाही. मग झालं तर!"

मग ती चेटकिणीच्या मागोमाग डोंगरावर गेली. "मावशी, मी करते तुमचा पुलाव."

"कर. पण मेवा तुपात कडकडीत तळ."

साळूच्या मनात आलं, तळला तर भिवा संपलाच! पण ती म्हणाली, "मावशी, कुरकुरीत मेवा तर कुणीही खातं. टपोरा, रसरशीत कधी खाल्लाय?" चेटकिणीच्या तोंडाला पाणी सुटलं. "बरं. पण मला उशीर खपत नाही!"

मग साळूनं तांदूळ धुतले, निथळले. भल्यामोठ्या हंड्यात तूप घातलं. लवंगा, वेलदोडे, तमालपत्र टाकलं. तांदूळ परतले, वर आधणाचं पाणी ओतलं. भात अर्धा शिजला, तसा तिनं सगळा मेवा हलक्या हातानं त्यात निजवला. वर झाकण, कडेनं कणकेचा लेप, झाकणावर निखारे. वाफ एवढीशीसुद्धा बाहेर जाता कामा नये.

मग चेटकीण आली. "उघड!"

"मावशी, तांदूळ अजून टचटचीत आहे. दातांत अडकेल."

गेली. मग पुन्हा आली. "उघड म्हणते ना!"

"मावशी, पाट मांडा, पान वाढून घ्या, तोवर होतंच."

गेली पाय आपटत. मग तिसऱ्यांदा आली. वास घमघमत होता, तिला धीर कुठला! साळूला ढकललं, नखांनी कणीक ओरबाडली आणि उचललं झाकण.

भस्सकन वाफ! थेट तिच्या तोंडात. आणि हंड्यातून टप्, टप्, टप्! अंजीर फुगलं, शेटजी बाहेर. जर्दाळू फुगला, राजा बाहेर, मिशांना भात लागलेला. सगळं गाव बाहेर आलं. चेटकीण फू फू करत सुटली, पण तिची फुंकर आता ओली आणि गार. पोरं म्हणाली, "आणखी मार ना, छान वाटतंय!"

सगळे नाचायला लागले. पण भिवा कुठाय?

साळूनं हंडा चाचपला. तळाशी एक बेदाणा, तसाच सुरकुतलेला. गुलाम तिथंही तमालपत्र पांघरून झोपला होता! त्याला वाफ लागणार कशी?

राजा म्हणाला, "साळू, चल, तुला हत्तीवर बसवतो. एका बेदाण्यासाठी कुठं थांबतेस?"

साळू म्हणाली, "महाराज, तो बेदाणा माझा भाऊ आहे. हत्ती राहू द्या. निखारे आणा."

आणि राजानं आणले, बरं का. स्वतः, चिमट्यानं. साळूनं पान काढून फेकलं, बेदाणा उघडा भातात ठेवला, पुन्हा कणीक लावली. सगळं गाव हंड्याभोवती उकिडवं बसलं. शेटजीसुद्धा. बराच वेळ काहीच नाही. मग आतून झाकणावर टकटक!

"ताई, भूक लागली!"

अगं, काय ओरडलं गाव! साळूनं भिवाला असं कवटाळलं, की त्याच्या अंगाचा भात तिच्या केसांत गेला. राजानं दोघांनाही हत्तीवर बसवलं आणि आपण पुढं चालला. मग सगळ्यांनी पोटभर पुलाव खाल्ला. मेव्याचा एक कण नव्हता त्यात, पण असा गोड पुलाव कुणी खाल्ला नव्हता. चेटकिणीलाही गावानं ठेवून घेतलं. भात गरम असला की पोरं तिच्यापुढं ताट धरायची आणि ती बिचारी फुंकर घालायची.

तशी ती सगळी सुखात नांदली, आणि आपणही नांदू. मिटा डोळे. चिंगे, पुन्हा घेतलंस डोक्यावरून? काढ ते. नाक बाहेर ठेव, बाई. तू इथं आहेस, हे मला दिसत राहू दे.