काळी पट्टी

“पण तिला उजेडाचं काय काम, बाबा?”

फुलवंता बसायलाही तयार नव्हती. कडेवर दहा महिन्यांची बयो, पोरीच्या डोळ्यांवर काळी पट्टी, आणि हिचे पाय तव्यावर ठेवल्यासारखे. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती गावाबाहेरच्या फकिराच्या तकियात आली होती. आल्यापासून निम्मा जीव परतीच्या गाडीत.

शेरूबाबा खोपटात चटईवर बसले होते. आशीर्वादाला हात पुढं केला, तर बोटांना कपाळाच्या आधी कापड लागलं. म्हणून त्यांनी एवढंच विचारलं होतं, की पोरीचा उजेड का झाकलास?

“मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, हिला दिसायचं नाही म्हणून. डोळे नुसते भिरभिरतात. बाया बघतात आणि चुकचुकतात. सासूबाई म्हणाल्या, मधल्या खोलीत ठेव, खिडकीला गोधडी लाव, पट्टी बांध. बांधली. नाहीतरी आंधळ्याला दिवस काय न् रात्र काय!”

“झोपते का?”

“कुठली झोप, बाबा!”

फुलवंता धरण फुटल्यासारखी बोलत सुटली. दिवसा कधीही झोपते. रात्री टक्क जागी. रडून रडून घसा बसतो, तरी थांबत नाही. महिना झाला, आईची पाठ भुईला टेकली नव्हती. डोळ्यांचं राहू दे बाबा, निदान झोपेचा तरी ताईत द्या.

“ताईत नाही माझ्याकडं.”

“मग लोक काय उगाच येतात तुमच्याकडं? माझंच चुकलं. आंधळ्याच्या दारात आंधळी घेऊन आले!”

बोलली आणि तिनं जीभ चावली.

बाबांचे डोळे उघडे होते, स्वच्छ होते. पण पोरवयात आधी त्यांचं रात्रीचं दिसणं गेलं, मग दिवसाचंही गेलं. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

बाबा हसले.

“खरं बोललीस. आता एक कर. दाराचं ते तरट वर कर, खाली कर. आवाज न करता. वर आहे का खाली, ते मी ओळखतो.”

फुलवंताला राग आला. इकडं गाडीची वेळ होत आलेली, आणि म्हातारा खेळ मांडून बसला. तरी तिनं श्वास रोखून तरट उचललं.

“वर.”

अलगद सोडलं.

“खाली.”

ती तशीच उभी राहिली. हललीच नाही.

“अजून खालीच आहे, बेटी. म्हाताऱ्याला फसवू नको.”

“ऊन लागत असंल तुमच्या अंगाला,” ती म्हणाली. “नाहीतर वारं.”

“असंल बाई...”

बाबांनी तिच्याकडं हात पुढं केला.

“मग पोरीची पट्टी सोड, आणि माझ्या डोळ्यांवर बांध. ऊन, वारं काय ते तरीबी लागंलच की.”

तिनं गाठ सोडली. अंघोळीपुरती ती पट्टी निघायची, तीही अंधाऱ्या खोलीतच. बाबांच्या डोळ्यांवर तिनं मुद्दाम दोन पदरी, घट्ट बांधली.

तरट उचललं.

“सांगा, वर का खाली?”

“खाली.”

सोडलं. “आता?”

“खालीच... नाही, वर.”

पुन्हा उचललं. “आता?”

बाबांनी तोंड दाराकडं वळवलं, मग मान हलवली.

“बेटी, आता मी आंधळा झालो.”

फुलवंताचा हात तरटावर तसाच राहिला. कडेवर काहीतरी हललं होतं. बयोनं तोंड तिच्या खांद्यात खुपसलं होतं.

तिनं हनुवटी धरून पोरीचं तोंड दाराकडं वळवलं. डोळ्यातली काळी बाहुली बघता बघता मोहरीएवढी झाली. तरट सोडलं. बाहुली पसरली. उचललं. मोहरी.

चार वेळा केलं. सहा वेळा केलं.

“दिसतंय! बाबा, दिसतंय हो हिला!”

“दिसत नाही.”

“मग हे काय आहे?”

“मला दिसतं का?”

“...नाही.”

“पण सकाळ झाली, हे सांगायला आजवर माझ्याकडं कुणाला यावं लागलं नाही.”

फुलवंता मटकन खाली बसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

“माझं तोंड...” तिनं पोरीला उराशी धरलं. “कधी बघंल का ती?”

“ते मला नाही सांगता येत, बेटी. खोटं कशाला बोलू?”

बाबांनी पट्टी कपाळावर सरकवली.

“खिडकीची गोधडी काढ. दिवस उगवला की पोरीला अंगणात घेऊन बस. रात्री दिवा मालव. डोळ्यांना दिवस-रात्र कळली, की झोपही येईल वाटेवर.”

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. फुलवंता धडपडत उठली, तरट सारून बाहेर पडली. बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं. बयोनं डोळे गच्च मिटले, तोंड वाकडं केलं. सवयीनं आईचा हात तिच्या डोळ्यांवर गेला...

ती दारातून परत फिरली.

“बाबा, माझी पट्टी राहिली.”

बाबा पट्टीची घडी घालत होते. ती त्यांनी उशाखाली सारली.

“राहू दे माझ्याकडं. दुपारच्या उजेडात मला झोप लागत नाही.”