गिरकी आणि भोवरा

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा भोई होता. होडी चालली की तो पुढच्या टोकावर उभा राही. वल्हवणारे दोघे त्याच्याकडे पाठ करून बसत. त्यांना पुढचे पाणी दिसत नसे, म्हणून हैबतीचा शब्द हेच त्यांचे डोळे. तो "गिरकी" म्हणाला, की ते वल्ही उचलून धरत. तसले पाणी होडीला जरा फिरवते आणि आपणच सोडून देते. उगाच वल्हवले तर वल्ही खडकावर आपटून मोडतात. तो "भोवरा" म्हणाला, की दोघे जीव खाऊन वल्हवत. भोवरा सोडत नाही, खाली ओढतो.

एका पावसाळ्यात हैबती आपल्या लेकीला, सगुणेला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणत होता. नदी फुगली होती. सगुणेला लहानपणापासून पाण्याची धास्ती. पोटावर हात धरून ती अंग चोरून बसली होती.

मधोमध पाणी गोल फिरत होते. वाहत आलेली एक मोठी फांदी तिथे उभी झाली आणि दिसेनाशी झाली. हैबतीने ओळखले, हा भोवरा.

"आबा, काय हाय तिथं?" सगुणेने विचारले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

लेकीचा तो चेहरा त्याला बघवेना. "काई न्हाई, पोरी. गिरकी हाय," तो म्हणाला.

वल्हवणाऱ्यांनी ऐकले आणि सवयीने वल्ही उचलली.

होडी फिरली, पुन्हा फिरली, पण सुटेना. एक बाजू कलली. पाणी आत आले आणि सगुणेच्या कमरेपर्यंत चढले. ती बापाकडे नुसती बघत राहिली. खरा शब्द तोंडातून निघता निघेना. शेवटी तो ओरडला, "भोवरा हाय! वल्हवा!"

दोघांनी अंग झोकून दिले. एक वल्हे मोडले. हैबती बसायची फळी उपसून तिनेच वल्हवू लागला. होडी कशीबशी कडेला निसटली.

काठावर सगुणा ओले लुगडे पिळत बसली. हैबतीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आबा, भोवरा म्हनला असता, तर मी भ्याले असते," ती म्हणाली. "पन ह्या दोघांची वल्ही तरी पान्यात असती."



तात्पर्य: आपले माणूस घाबरेल म्हणून संकट सौम्य शब्दांत सांगू नये. त्याने संकट लहान होत नाही. त्याच्याशी झुंजणारे हात मात्र थांबतात.