भिकाजीचे नवे कार्ड

खूप दिवस झाले या गोष्टीला. डोंगरापलीकडच्या एका गावात भिकाजी नावाचा घड्याळे दुरुस्त करणारा राहत होता. बायको वारली होती. एकुलती एक मुलगी, सुनंदा, लग्न होऊन दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या दूर सासरी गेली होती.

दर रविवारी दुपारी दोघे आपापल्या जुन्या कॉम्प्युटरवर एकच खेळ खेळत. घोड्यांवर बसून जंगल हिंडायचे, लाकडे गोळा करायची, झोपडी बांधायची. चित्र अडखळत चाले. झाडे म्हणजे नुसते हिरवे डाग.

"बाबा, तुमचा घोडा हवेत चालतोय!" कानातल्या हेडफोनमधून सुनंदा हसायची. तोही हसायचा. आठवडाभरात तो तेवढाच हसायचा.

पण हळूहळू त्याला ते डाग खुपू लागले. शेवटी तो तालुक्याच्या दुकानात गेला आणि चित्र स्वच्छ दिसावे म्हणून कॉम्प्युटरमध्ये बसवायचे सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड मागितले.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "काका, तुमच्या खेळाला यातले निम्मेही लागणार नाही. साधे न्या."

"आणायचे तर उत्तमच," भिकाजी म्हणाला. दिवाळीला मुलीकडे जाण्यासाठी साठवलेले पैसे त्याने मोजून दिले.

एवढ्या भारी कार्डाला शोभेल असा नवा खेळही त्याने घेतला. त्यात पानापानावरचे दव दिसत होते. सुनंदाच्या कॉम्प्युटरवर मात्र तो खेळ सुरूच होईना.

"बाबा, आज आपल्या जंगलात येताय ना?"

"पुढच्या रविवारी येतो गं."

असे बरेच रविवार गेले. दिवाळी जवळ आली तेव्हा तिने विचारले, "तिकीट काढले का?"

"या वर्षी राहू दे."

पुन्हा तिने विचारले नाही.

एके दुपारी भिकाजी खेळातल्या सर्वांत उंच शिखरावर पोहोचला. समोर बर्फावर ऊन पसरले होते. इतके सुंदर त्याने जन्मात पाहिले नव्हते.

"सुनू, बघ!" तो मोठ्याने म्हणाला.

हेडफोनमध्ये फक्त वाऱ्याचा आवाज होता. मग त्याने जुना खेळ उघडला. तिथे कोणीच नव्हते. त्याने फोन लावला.

"रविवारी मी आता शिकवणी घेते, बाबा," सुनंदा म्हणाली. "रिकामी दुपार जाता जात नव्हती."

दुसऱ्याच दिवशी त्याने ते कार्ड विकले. घेणारी बाई कॉम्प्युटरवर चित्रपट बनवायची. कार्ड पाहून तिचे डोळे चमकले; तिच्या कामाला ते हवेच होते. आलेल्या पैशांतून भिकाजीने तिकीट काढले.

तो पोहोचला तो रविवार होता. सुनंदाने दार उघडले, वाकून नमस्कार केला, पाणी दिले. "बसा बाबा. मुले आली आहेत. दोन तास लागतील."

आतून पाढ्यांचा आवाज येऊ लागला. भिकाजी बाहेरच्या खोलीत पिशवी मांडीवर घेऊन बसला. त्याला कसलीही घाई नव्हती. मुलीने त्याची किती वाट पाहिली असेल, हे त्याला आता कळत होते.

बोध: सोबत्याला गमावून मिळवलेली वस्तू कितीही उत्तम असली, तरी ती महागच पडते.