गाढवकाकांचा फुटबॉल संघ

एका जंगलाच्या कडेला, झाडं संपून गवताचं मैदान सुरू होतं तिथे, एक गाढव राहत असे. त्याची लाथ सगळ्या रानात प्रसिद्ध होती आणि गाढवाला तिचा भारी अभिमान होता. पुढे जंगलातल्या पिल्लांना फुटबॉलचं वेड लागलं आणि त्यांना शिकवणार कोण, असा प्रश्न निघाला. गाढव ताडकन पुढे झालं. "लाथ मारण्यातलं माझ्याइतकं कोणाला कळतं?" ते म्हणालं. झालं! सशाचं पिल्लू, रानडुकराचं पिल्लू, भेकराचं पाडस, अशी सगळी चिल्लीपिल्ली रोज सकाळी मैदानावर जमू लागली आणि गाढवाचे 'गाढवकाका' झाले.

आता गंमत ऐका. गाढव लाथ झाडतं ती मागे. काकांनी तेच शिकवलं. "चेंडू आला की त्याच्याकडे पाठ करा आणि द्या झाडून!" नदीपलीकडच्या संघाशी सामना झाला, तेव्हा आपली सगळी पिल्लं चेंडूकडे पाठ करून उभी आणि पलीकडची पिल्लं तोच चेंडू आरामात घेऊन चालली! बघणारे पोट धरधरून हसले. पलीकडच्या संघाला एक कोल्हा शिकवत असे. तो मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "वा! एका गाढवाने सगळा संघच गाढव करून टाकला."

जंगलाचा कारभार एका म्हाताऱ्या गव्याकडे होता. त्याने काकांना बोलावून स्पष्टच सांगितलं, "पुढचा सामनाही हरलात, तर पिल्लं कोल्ह्याकडे शिकायला जातील." हसणाऱ्यांचं काकांना काही वाटलं नव्हतं. पण सकाळ व्हावी आणि "काका, चला ना!" म्हणत कोणी धावत येऊ नये, हे त्यांना सोसवलं नसतं. त्या पोरांवर त्यांचा फार जीव जडला होता.

रडत बसणं मात्र काकांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिल्लांना गोळा केलं. "पोरांनो, चूक माझी. माझी लाथ मी तुमच्या पायांना शिकवायला निघालो होतो. आता तुम्ही खेळा, मी बघतो." आणि ते खरोखरच बघत बसले. ससा पळता पळता कुठेही वळायचा. पाडस उंच उडून डोक्याने चेंडू मारायचं. डुकराचं पिल्लू एकदा पाय रोवून उभं राहिलं, की कोणाच्या बापाला हलवता यायचं नाही. काकांनी ज्याचं त्याचं कसब घासूनपुसून लखलखीत केलं. कोणी चुकलं तर ते ओरडत नसत. "तुला त्या वेळी काय दिसलं होतं?" एवढंच विचारत.

सामन्याचा दिवस उजाडला. कोल्हा मैदानाच्या कडेने धावत सारखा हुकूम सोडत होता, "डावीकडे! थांब! मागे ये!" त्याची पिल्लं दर वेळी आधी त्याच्याकडे बघत आणि मगच पाऊल उचलत. तरी ती चपळ होती. बरोबरी काही सुटेना आणि वेळ संपत आला. एवढ्यात चेंडू आला तो नेमका गोलासमोर, डुकराच्या पिल्लाकडे! काकांचा धीर सुटला. "मार! अरे, मार!" ते जीव खाऊन ओरडले.

पिल्लाने मारला नाही. पलीकडचे सगळेच्या सगळे त्याच्या अंगावर धावून आले, तरी ते पाय रोवून उभं राहिलं आणि त्याने चेंडू हळूच बाजूला, एकट्या उभ्या असलेल्या सशाकडे सरकवला. आता काय करायचं, हे विचारायला पलीकडच्या पिल्लांनी कोल्ह्याकडे माना वळवल्या. कोल्ह्याने तोंड उघडेपर्यंत सशाने चेंडू गोलात घातला होता!

मैदानात एकच जल्लोष झाला. गवा मात्र गंभीर चेहऱ्याने पिल्लापाशी आला. "काय रे, काका 'मार' म्हणून ओरडत होते. ऐकू आलं नाही?"

पिल्लू वरमलं. "ऐकू आलं. पण समोर सगळे आडवे आले होते आणि ससा मोकळा होता. काकांना तिथून तो दिसत नव्हता."

"म्हणजे हुकूम मोडला!" गवा काकांकडे वळला. "काय शिक्षा देता याला?"

"शिक्षा?" काकांचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. "अहो, हे पोर कधी एकदा माझं ऐकायचं सोडून स्वतः बघायला लागतंय, याचीच तर मी वाट बघत होतो!" आणि आनंदाच्या भरात ते असे काही ओरडले, की झाडांवरचे पक्षी उडून गेले. पिल्लं काकांकडेच राहिली, हे वेगळं सांगायला नको.

तात्पर्य : शिकवलेलं पोर स्वतःच्या डोक्याने खेळू लागलं, की शिकवणाऱ्याला त्याचं बक्षीस मिळालं.